मायकोरायझा : मुळे आणि बुरशी यांच्यातली रेणूंची देवाणघेवाण

वनस्पतीची मुळे आणि बुरशी यांच्या परस्परहिताच्या सहजीवनास मायकोरायझा म्हणतात. त्याचा सर्वांत जुना आणि सर्वदूर आढळणारा प्रकार ज्वारी, भात, कांदा, द्राक्ष यांच्यासह बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत असतो. स्कॉटलंडमधील राईनी येथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तो दिसतो; त्या वनस्पतींना अजून खरी मुळेसुद्धा फुटलेली नव्हती.

मातीत स्फुरद कमी पडला की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन ही संप्रेरके बाहेर सोडतात. त्यांचा अंशमात्र लागताच बुरशीच्या तंतूंना भराभर फाटे फुटतात. हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. या गटातले पहिले संयुग, स्ट्रायगोल, मात्र १९६६ मध्येच कापसाच्या मुळांतून मिळाले होते, आणि तेही टारफुल्याचे बी रुजवणारे द्रव्य म्हणून! ज्वारीच्या मुळांतून अन्न शोषणारे हे तण बुरशीसाठी सोडलेला संदेश हेरूनच रुजते. एवढी जोखीम असूनही वनस्पतींनी हा संदेश पाठवणे थांबवलेले नाही, इतकी त्यांना बुरशीची गरज आहे.

बुरशीकडून उत्तर येते ते कायटिनच्या छोट्या साखळ्यांच्या आणि मेद जोडलेल्या तशाच रेणूंच्या रूपाने. मुळांवरील ग्राहक प्रथिने ते ओळखतात. मग पेशीकेंद्रात कॅल्शियमची पातळी लयीत वरखाली होऊ लागते आणि सहजीवनाची जनुके जागी होतात. कडधान्यांनी रायझोबियम जीवाणूंच्या गाठींसाठी पुढे हीच संदेशवाट वापरली. मोहरी-कोबीच्या कुळाने मात्र तिच्यातली महत्त्वाची जनुके गमावली आहेत.

खरे नवल मुळाच्या पेशीत घडते. आत शिरलेल्या तंतूला इवल्या झुडपासारख्या फांद्या फुटतात, पण वनस्पतीचे पेशीपटल कुठेही फाटत नाही. प्रत्येक बारीक फाट्याभोवती नवे पटल तयार होते. या रचनेला अर्बस्क्यूल म्हणतात. पटलावरील वाहक प्रथिने बुरशीने आणलेले फॉस्फेट आत घेतात. मेडिकॅगो ट्रंकॅट्युला या वनस्पतीत असे एक प्रथिन निकामी केले, तर अर्बस्क्यूल अकाली मरतात. स्फुरद पोहोचला नाही, तर आसराही मिळत नाही.

बदल्यात बुरशीला साखर मिळते, आणि मेदही. रायझोफेगस इर्रेग्युलारिस या बुरशीकडे मेदाम्ले नव्याने घडवणारी जनुकेच नाहीत. ही मेदाम्ले वनस्पतीकडून येतात, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले.

स्फुरदयुक्त खताची मात्रा जास्त झाली, की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन सोडणे कमी करतात. त्यामुळे भरपूर सुपर फॉस्फेट दिलेल्या शेतात मायकोरायझाचे जैविक खत टाकूनही मुळांत बुरशी फारशी शिरत नाही.