कार्ब्युरेटर आणि बेंगळुरूची हवा
१९६० साली म्हैसूरमध्ये आयडियल जावा कंपनी स्थापन झाली. तिच्या जावा व येझदी मोटारसायकली आजही बेंगळुरूत धावताना दिसतात. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. मात्र सुमारे ९२० मीटर उंचीवरील या शहरातील हवा समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला हा फरक स्वतः ओळखता येत नाही. म्हणून मुंबईत जुळवलेल्या मिश्रणात येथे पेट्रोल काहीसे जास्त होते व प्लगवर काजळी धरते. मग मेकॅनिक लहान जेट बसवतो किंवा सुई एक खाच खाली घेतो आणि प्लगचा रंग व इंजिनाचा आवाज यांवरून मिश्रण पारखतो. २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत हे काम सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शनकडे गेले. ही पारख शिकणारे नवे हात नसतील, तर जुन्या गाड्या जपल्या जातील; पण त्या चालतीलच असे नाही.