छप्पर हलकं झालं, पण ते चढवणारा माणूस?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदं कोसळली, हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हापासून आपल्याकडे जड छपराची धास्ती बसली ती बसलीच. वाचलेली कुटुंबं पुढे कित्येक दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली.

आज लातूरहून नांदेडला निघा. गोदाम, मंगल कार्यालय, जिनिंग, गॅरेज, जिकडे बघावं तिकडे लोखंडी ट्रस आणि वर पत्रा. आणि त्या पत्र्यावर स्लीपर घालून चालणारा पोरगा.

नियम नाहीत असं नाही. लोखंडी सांगाडे उभारताना सुरक्षा कशी ठेवायची, याचं भारतीय मानक 1974 चं आहे. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 मध्ये आला, महाराष्ट्राचे नियम 2007 मध्ये. पण 1996 चा कायदा लागू झाला तो 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. आपल्या शेडवर असतात किती? एक फॅब्रिकेटर, दोन वेल्डर, तीन हेल्पर. म्हणजे सर्वात उघडा माणूस कायद्याच्या बाहेर!

ऑगस्ट 2023 च्या पहिल्याच रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर लाँचर कोसळला, 20 जण गेले. देशभर बातमी झाली. शेडवरून पडणारा एकटाच पडतो. त्याची बातमी दोन ओळींची.

20 फुटांवरून खाली यायला सेकंदभरच लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग असतो ताशी 39 किलोमीटर. सावरायला वेळच नसतो. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, न आवळलेला पत्रा सरकतो, वाऱ्याने हातातला पत्रा माणसाला ओढून नेतो.

"बेल्ट दिला होता की!" असं ठेकेदार म्हणतो. दिला असेल. पण हुक अडकवायचा कशाला? त्यासाठी आधी वर तारेचा दोर ताणावा लागतो, खाली जाळी बांधावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली 1930 च्या दशकात अशी जाळी बांधली होती. तिने 19 कामगार वाचवले.

भरपाईचा कायदा 1923 पासून आहे, पण तो माणूस पडल्यावर कामाला येतो. म्हणून शेड बांधणाऱ्यांनो, कोटेशनमध्ये पत्रा, अँगल, मजुरी यांच्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्या: दोर, जाळी, बेल्ट. तो खर्च घासाघीस करून कापू नका.