मिठी नदी : विहार ते माहीम

मुंबईच्या नकाशावर अनेकांना केवळ नाला म्हणून ठाऊक असलेली मिठी ही प्रत्यक्षात नदी आहे. १८६० मध्ये पूर्ण झालेल्या विहार तलावाच्या सांडव्याचे पाणी हा तिचा उगम. पवई तलावाचे ओसंडणारे पाणी तिला लगेच येऊन मिळते. साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. वाकोला नाला ही तिची प्रमुख उपनदी; तिचा संगम वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ होतो.

एकेकाळी मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील सीमा याच खाडीने आखली होती. शीव या नावातच ती सीमा आहे.

विमानतळ परिसरात नदीला काटकोनी वळणे देण्यात आली. भराव आणि अतिक्रमणांनी पात्र आक्रसले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीही असल्याने पाण्याला वाट उरली नाही. त्यानंतर नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद व खोल करण्याची कामे झाली. तथापि, भरतीच्या वेळी समुद्र पाणी स्वीकारत नाही. अशा वेळी ते सामावून घेणारी खाडी आणि तिवरे राखणे, हाच शीव-धारावीच्या सखल वस्त्यांचा खरा आधार आहे.