रोहिडखोऱ्याचे कागद आणि आमच्या मुलांची भाषणे

आमच्या महाविद्यालयात इतिहासाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या खणांत भोर आणि वेल्हे भागांतल्या जुन्या पत्रांच्या नकला ठेवलेल्या आहेत. काही हाताने उतरवून घेतलेल्या, काही छायाप्रती. खालच्या खणात दरसालच्या वक्तृत्वस्पर्धेत मुलामुलींनी केलेली भाषणे आहेत; फुलस्केप कागदांवर लिहिलेली, दोऱ्याने बांधलेली. वरचे खण पाहायला कधीमधी एखादा अभ्यासक येतो. खालच्या खणाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गेल्या उन्हाळ्यात वाळवीच्या भीतीने मी सगळे कपाट रिकामे केले आणि वरचे कागद व खालचे कागद शेजारी शेजारी मांडून चार दिवस वाचत बसलो. त्यात जे ध्यानात आले, ते श्रोतेहो, आज आपल्यापुढे ठेवतो.

भोर म्हणजे जुने रोहिडखोरे, हिरडस मावळ आणि वेळवंडखोरे. वेल्हे, ज्याला २०२४ साली राजगड तालुका असे नाव मिळाले, म्हणजे गुंजण मावळ आणि कानद खोरे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या काठची ही खोरी. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर अशी देशमुखांची घराणी इथे नांदली. त्यांच्या घरांत कागद राहिले, आणि ते का राहिले हे आधी समजून घ्यायला हवे. इतिहास लिहावा म्हणून कुणी ते जपले नाहीत. वतनाचा तंटा निघाला की गोतापुढे कागद दाखवावा लागे. म्हणून कागद रुमालात बांधून धान्याच्या कणगीइतक्याच काळजीने ठेवत. ज्याच्याकडे कागद त्याचे वतन! तेव्हा खरे कागद जसे जपले गेले, तसे खोटेही तयार झाले. जुना कागद हाती आला की त्याला नमस्कार जरूर करावा, पण त्याची उलटतपासणीही घ्यावी.

आता खालच्या खणातले एक भाषण घेतो. ते माझेच आहे. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि विषय घेतला होता रांझ्याच्या पाटलाचा. रांझे हे गाव भोर तालुक्यात, खेड शिवापूरच्या बाजूला. माझ्या भाषणात एक गरीब शेतकरी होता, त्याची लेक होती, नदीचा घाट होता, आईचा हंबरडा होता. टाळ्या मिळाल्या. खाली उतरल्यावर परीक्षकांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी जवळ बोलावून विचारले, "बाळ, ती नदी कुठल्या कागदात वाहते?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी बक्षीस दुसऱ्याला दिले आणि मला पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा पत्ता दिला.

मूळ पत्र २८ जानेवारी १६४६ या तारखेचे. खेडेबारे तरफेतील मौजे रांझे येथील मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याच्याविषयी ते आहे. पत्राचा आशय असा: मोकदमी करीत असता याच्या हातून बदअमल झाला, ती खबर साहेबांस कळली, याला धरून आणून चौकशी केली, गोष्ट खरी निघाली, वतन जप्त करून याचे हातपाय तोडले. पुढे याच्या गोतातील सोनजी गुजर याने या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा त्याच्याकडून नजराणा घेऊन पाटीलकी त्याला दिली. बस, इतकेच. मुलीचे नाव नाही, नदी नाही, हंबरडा नाही. 'बदअमल' हा एकच शब्द.

पण पाहा, पत्रात जे आहे ते आमच्या कुणाच्याच भाषणात नव्हते. वयाची सोळा वर्षेही पुरी न झालेल्या शिवाजीराजांच्या नावाने हा निवाडा झाला, त्यात आधी चौकशी आहे, मग शिक्षा. शिक्षा झालेल्या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. त्याचे पोट कोण भरणार याची सोय आहे. वतन राजाने गिळले नाही, गोतातच ठेवले. राज्य कसे चालायचे हे या चार ओळींत जेवढे दिसते, तेवढे माझ्या आठ मिनिटांच्या भाषणात नव्हते.

शिक्षकमित्रांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या पत्रांत सन आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो. 'सीत अर्बैन अलफ' म्हणजे सहा, चाळीस आणि हजार: १०४६. हा शुहूर सन. तो मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीतले पत्र आहे, म्हणून १०४६ अधिक ६००, म्हणजे १६४६. सातवीच्या पोरांना फळ्यावर हे गणित घाला. ती ज्या आवडीने सोडवतात ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

खालच्या खणात सर्वांत जास्त वेळा येणारा कागद दुसराच आहे. १६४५ साली रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेले ते पत्र, ज्यात 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द येतात. निम्म्याहून अधिक भाषणे त्याच वाक्याने सुरू होतात, आणि त्याला जोडून रायरेश्वराच्या शपथेचे वर्णन येते, जणू वक्ता स्वतः पिंडीजवळ उभा होता. या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. काहींनी त्याचा आधार घेतला, काहींनी त्याच्या भाषेविषयी आणि परंपरेविषयी शंका काढली. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हिरमुसतात. एकदा एक जण तर रागावला. म्हणाला, "सर, मग आमच्या तालुक्याचं राहिलं काय?"

राहिलं काय, ते सांगतो.

१६५९ साली अफजलखान वाईच्या सुभ्यात उतरला, तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्माने पाठविली. कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान १६ जून १६५९ चे आहे: खानाकडे रुजू व्हा आणि शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका. कान्होजी जुने, मुरलेले देशमुख. वतन बादशहाचे. नाही म्हणावे तर पिढ्यांची मिरास जाते. जेध्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा एक कागद आहे, त्याला करीना म्हणतात. त्यात पुढचे लिहिले आहे. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे गेले, फर्मान पुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. शेजारचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले. खानाचा वध झाल्यावर खोपडे हाती लागले, तेव्हा त्यांच्यासाठी रदबदली करायला गेले ते कान्होजीच! महाराजांनी जीव राखला, पण एक हात आणि एक पाय तोडला.

इथेही उलटतपासणी हवीच. करीना जेध्यांच्या घरचा. शेजाऱ्याच्या भाऊबंदकीची हकीकत आपण आपल्याच घरच्या तोंडून ऐकतो आहोत. पण फर्मान विजापूरचे आहे. शत्रूच्या शिक्क्याचा कागद कारीसारख्या डोंगरातल्या गावी येऊन पडला, आणि तो ज्याला आला त्याने काय करायचे ते स्वतः ठरवले. घरात पाच मुलगे, दारात फर्मान. माणसाने ती रात्र कशी काढली असेल?

याच घरात आणखी एक कागद होता: जेधे शकावली. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ एवढ्या काळातल्या घडामोडी त्यात तिथीवार टिपल्या आहेत, कोरड्या, एकेका वाक्यात. कारीचे दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ चा समजला जाई. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली; म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरात सापडलेल्या शिवभारताने आणि जोधपुरास मिळालेल्या जन्मपत्रिकेने तिला दुजोरा दिला. वाद तरीही चालूच राहिला. १९६६ साली शासनाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली, आणि अखेर २००१ पासून महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करू लागले. त्या दिवशी आमच्या कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा होते. स्पर्धेची तारीखच मुळी कारीच्या एका घरातून आली आहे, हे व्यासपीठावरच्या एकाही भाषणात मला आढळले नाही.

आणि आता ज्यासाठी मी हे बोलायला बसलो, तो कागद. २३ ऑक्टोबर १६६२. महाराजांनी सर्जेराव जेध्यांना लिहिले आहे. शाएस्ताखान तेव्हा पुण्यात तळ देऊन होता. पत्राचा मतलब असा: हेरांनी बातमी आणली आहे की मोगल तुमच्या भागात धावणीस येणार. पत्र पोचताच गावोगाव फिरून रयतेला बायकापोरांसह घाटाखाली, जिथे गनिमाचा उपद्रव पोचणार नाही अशा जागी पाठवा. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका. हयगय कराल आणि माणसे मोगलांच्या हाती सापडतील, तर त्याचे पाप तुमच्या माथी बसेल.

या पत्रावर गेल्या सत्तावीस वर्षांच्या गठ्ठ्यात एकच भाषण सापडले. एका मुलीचे. नीरेच्या वरच्या अंगाच्या वाडीतली ती मुलगी. भाषणाला नंबर मिळालेला नव्हता. आवाज चढवायचा कुठे हे तिला कळले नाही, असा शेरा परीक्षकांनी मागे लिहिला आहे. तिने काय केले होते? 'घाटाखाली' हा शब्द धरून तिने हिशोब मांडला होता. ऑक्टोबर महिना, म्हणजे खाचरात भात उभे, कुठे कापणीला आलेले. ते टाकून निघायचे. बरोबर म्हातारी माणसे, बाळंतिणी, गुरे. आपल्या वाडीपासून हिर्डोशी किती, तिथून वरंध घाटाचे तोंड किती, पोर कडेवर घेऊन बाई दिवसाला किती चालेल, असे तिने आजीला विचारून विचारून लिहिले होते. वेल्ह्याकडची माणसे मढे घाटाने उतरली असतील, असाही तर्क केला होता. महाराजांचे गुणगान एका वाक्याचे. बाकी सगळे भाषण वाटेवर.

मी ते भाषण खालच्या खणातून काढून वरच्या खणात, त्या पत्राच्या नकलेजवळ ठेवले आहे.

ज्यांच्या घरी मोडीचे रुमाल असतील त्यांना एक विनंती. त्यांना तेल, हळद काही लावू नका, चिकटपट्टी मारू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधा, पावसाळ्यात भिंतीपासून दूर ठेवा. विकत मागायला कोणी आला तर कागद त्याच्या हाती देण्याआधी छायाचित्र काढून घ्या. कागद वतनाचा असो, सावकाराच्या देण्याचा असो की नुसत्या लग्नाच्या खर्चाचा असो. मोडी शाळांतून उठली त्याला बराच काळ लोटला, पण मंडळासारख्या संस्थांतून ती आजही शिकवली जाते. गावच्या एका गुरुजींनी मनावर घेतले तर सहा महिन्यांत हात बसतो.

त्या मुलीच्या हिशोबात एका टप्प्यापुढे प्रश्नचिन्ह होते. एका खिंडीतून वाट आहे असे आजी म्हणते, पण ती मोडली, असे तिने कंसात लिहिले होते. गेल्या दिवाळीनंतर मी हिर्डोशीच्या बाजूला गेलो असता एका म्हाताऱ्या धनगराला सहज विचारले. त्याने काठीने दाखवले, "ती बगा, करवंदीच्या जाळीपल्याड. गुरं उतरत्यात आजून." परत येऊन मी तिच्या कागदावर, त्या प्रश्नचिन्हाशेजारी, पेन्सिलीने तेवढे लिहून ठेवले.