सगळ्यात चांगला डॉक्टर कोणता? आधी पुरावा किती उरलाय ते बघू

‘डॉक्टर हू’ पाहणारी दोन माणसं चहाला एकत्र बसली की तिसऱ्या मिनिटाला एक प्रश्न येतोच : तुझा आवडता डॉक्टर कोणता? आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न आला तेव्हा एकीनं डेव्हिड टेनंट म्हटलं, एकानं टॉम बेकर. मी म्हटलं, पॅट्रिक ट्राउटन. लगेच पुढचा प्रश्न आला, “त्याचं काम तू कितीसं पाहिलंयस?” आणि माझी पंचाईत झाली. कारण खरं उत्तर होतं, “जेवढं उरलंय तेवढं.” आणि उरलंय ते फार कमी.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर सुरू झालेली ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. नायक परग्रहावरचा, नाव फक्त ‘डॉक्टर’. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून तो स्थळकाळात भटकतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर आणि स्वभाव दोन्ही बदलतात, म्हणजे नवा नट येतो, पण माणूस तोच राहतो. त्यामुळे साठ वर्षांत एकाच नायकाची भूमिका करणाऱ्या नटांची एक लांबलचक रांग तयार झाली आहे. त्यांची तुलना करणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग.

माझा विषय तसा वेगळा आहे. मी जुन्या तळ्यांच्या गाळातले परागकण मोजते आणि त्यावरून तेव्हा आजूबाजूला कोणती झाडं होती याचा अंदाज बांधते. पण या चहाच्या गप्पांनंतर माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांची तुलना करणाऱ्याची आणि माझी अडचण एकच आहे. दोघांनाही जे होतं ते दिसत नाही. जे टिकलं तेवढंच दिसतं.

आधी मालिकेचं काय झालं ते बघू.

पहिल्या सहा वर्षांत, म्हणजे विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन या पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळात, मिळून २५३ भाग प्रसारित झाले : हार्टनेलचे १३४, ट्राउटनचे ११९. त्यातले नव्वदहून जास्त भाग आज चित्ररूपात अस्तित्वात नाहीत. तेव्हा मालिका दोन इंची चुंबकीय टेपवर मुद्रित व्हायची. ही टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग वाटेल तितक्या वेळा पुन्हा दाखवताही येत नसत. घरी व्हिडिओ पाहण्याची सोय तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. मग टेप जपून ठेवायची कशाला? पुसली.

पुसण्याआधी परदेशात विकण्यासाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या होत्या. पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करायचं, असा तो साधा प्रकार. या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा ठिकाणी फिरल्या. पण रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि १९७०च्या दशकात लंडनमधल्या कितीतरी फिल्मही नष्ट झाल्या. १९७८च्या सुमारास हे थांबलं. यात कोणी खलनायक नव्हता. वर्तमानपत्राची रद्दी काढताना आपण जेवढा विचार करतो तेवढाच त्यांनी केला.

या मालिकेच्या पहिल्याच कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन यांचा जन्म लखनौचा. त्यांची ती पहिली कथा सुखरूप आहे. पण त्यांनीच मुख्यतः दिग्दर्शित केलेल्या ‘मार्को पोलो’ या कथेचे सातही भाग गेले. एकाच दिग्दर्शकाचं, एकाच वर्षातलं काम. एक उरलं, दुसरं गेलं.

आता मुद्द्याकडे येते. नुकसान झालं हे वाईटच, पण ते सगळीकडे सारखं झालं असतं तर तुलना तरी करता आली असती. शंभर पानांच्या पुस्तकातली कुठलीही चाळीस पानं गेली तरी लेखकाची शैली बऱ्यापैकी कळते. इथे तसं नाही.

ट्राउटनच्या पहिल्या वर्षाचे ३५ भाग होते. त्यातले २८ बेपत्ता आहेत. त्या वर्षातली एकही कथा सलग, पूर्ण पाहता येत नाही. त्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षातले ४४पैकी फक्त सात गेले. म्हणजे आपण ट्राउटनबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा वेळापत्रकानं दमलेल्या, मालिका सोडायच्या बेतात असलेल्या ट्राउटनबद्दल बोलत असतो.

आणि गेलं ते वर्ष कोणतं? सगळ्यात महत्त्वाचं. हार्टनेलची तब्येत खालावत होती. धमन्या कठीण होण्याचा आजार होता, संवाद लक्षात राहात नव्हते. निर्माता इनिस लॉइड आणि कथासंपादक गेरी डेव्हिस यांच्यापुढे दोन वाटा होत्या : लोकप्रिय मालिका बंद करा किंवा नट बदला. तोच चेहरा, तीच पांढऱ्या केसांची ढब असलेला दुसरा म्हातारा शोधणं सोपं होतं. त्यांनी केलं उलट. २९ ऑक्टोबर १९६६ला ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या चौथ्या भागात हार्टनेलचा डॉक्टर जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी दिसायला, वागायला पूर्ण निराळा माणूस उठून बसला. आज या बदलाला सगळे ‘रीजनरेशन’ म्हणतात. मालिकेत हा शब्द १९७४मध्ये आला. १९६६मध्ये या गोष्टीला धड नावसुद्धा नव्हतं.

५ नोव्हेंबरला ट्राउटनची पहिली कथा ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ सुरू झाली. प्रेक्षकांना हा माणूस डॉक्टर म्हणून पटवायचा होता, आणि ते जमलं नसतं तर पुढचे सगळे डॉक्टर झालेच नसते. बेकर नाही, टेनंट नाही, जोडी व्हिटेकर नाही. त्यानं ते कसं जमवलं? पाहता येत नाही. सहाही भाग गेलेत. ज्या भागात हार्टनेल जातो तोही गेलाय. तो बदलाचा क्षण तेवढा उरला, कारण १९७३मध्ये मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमात त्याची चित्रफीत दाखवली होती. गंमत बघा : याच कथेच्या तिसऱ्या भागात हार्टनेल आजारपणामुळे नाहीच, आणि तो भाग मात्र शाबूत आहे.

“पण आवाज तर सगळे आहेत ना?” असं माहीतगार म्हणतील. बरोबर. काही चाहत्यांनी त्या काळी घरी टेपरेकॉर्डर लावून आवाज मुद्रित केले होते, म्हणून हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज आहे. जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याचे फोटो काढून विकायचा, तेही बऱ्याच भागांचे आहेत. आवाज घेऊन नवी ॲनिमेशन्सही झाली. ‘पॉवर ऑफ द डालेक्स’चं २०१६मध्ये आलं. मी पाहिलंय, आवडलंही. पण ट्राउटनचं बरचसं काम संवादात नाहीच. समोरचा बोलत असताना तो काय करतो, त्यात आहे. डोळे बारीक करणं, हात चोळणं, घाबरल्याचं नाटक करता करता मध्येच एक थंड नजर टाकणं. यातलं काही टेपरेकॉर्डरला ऐकू येत नाही, आणि ॲनिमेशनमधल्या भुवया ट्राउटनच्या नसतात. म्हणजे पुरावा अपुरा तर आहेच, शिवाय तो या विशिष्ट नटावर जास्त अन्याय करणारा आहे.

इथे मला माझी तमालपत्रं आठवतात. वाऱ्यानं परागण होणारी झाडं भरमसाट पराग सोडतात, त्यामुळे गाळात ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात. कीटकांवर अवलंबून असलेली झाडं कमी दिसतात. आणि दालचिनी-तमालपत्राच्या कुळातल्या झाडांच्या परागकणांचं बाहेरचं कवच इतकं नाजूक असतं की ते जवळजवळ टिकतच नाहीत. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात हे कूळ चांगलं नांदतं, पण गाळात बघाल तर शून्य. पहिल्या वर्षी मी माझ्या तक्त्यात या कुळापुढे सरळ ‘नाही’ लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, “झाड नाही, की पुरावा नाही?” तो गोल मी अजून विसरलेले नाही.

पुरावा परत मिळाला की मत कसं बदलतं याचं उदाहरण डॉक्टरच्याच इतिहासात आहे. ‘द एनेमी ऑफ द वर्ल्ड’ ही १९६७-६८ची सहा भागांची कथा. कित्येक वर्षं तिचा फक्त तिसरा भाग उपलब्ध होता. मधलाच तुकडा, ना सुरुवात ना शेवट. त्यावरून कथा यथातथाच, असं मत पडलं होतं. ऑक्टोबर २०१३मध्ये जाहीर झालं की नायजेरियातल्या जॉस शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रात ट्राउटनचे नऊ हरवलेले भाग सापडलेत. त्यात या कथेचे उरलेले पाचही होते. कथेत ट्राउटनची दुहेरी भूमिका आहे : डॉक्टर, आणि त्याच्याचसारखा दिसणारा सत्तापिपासू सालामँडर. शिवाय डॉक्टर सालामँडरचं सोंग घेतो, म्हणजे तिसरी छटा. सलग पाहिल्यावर लोकांना कळलं की हा माणूस काय करत होता. नट तोच, अभिनय तोच, फिल्म तीच. ती फक्त ४५ वर्षं दुसरीकडे पडून होती.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ची कथाही हरवलेली होती. तिचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले आणि १९९२मध्ये व्हिडिओ कॅसेटवर निघाले. पुढे अकरावा डॉक्टर म्हणून निवड झाल्यावर मॅट स्मिथनं तयारीसाठी जुने भाग पाहिले, त्यात या कथेनं तो भारावून गेला, हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलंय. त्याच्या डॉक्टरचा तो बो-टाय, ते धांदरट वागणं आणि आतलं म्हातारपण यात ट्राउटन स्पष्ट दिसतो. त्या चार डब्यांचं हाँगकाँगमध्ये काही बरंवाईट झालं असतं, तर २०१०चा डॉक्टर निराळा झाला असता. जे टिकतं तेच पुढच्याला शिकवतं. जे गेलं त्याचे शिष्य तयार होत नाहीत.

मग आजच्या याद्यांमध्ये टॉम बेकर वर का? तो थोर आहे, वादच नाही. पण १९७४ ते १९८१ अशी सलग सात वर्षं तो डॉक्टर होता आणि त्याचा प्रत्येक भाग शिल्लक आहे. दुसऱ्या टोकाला पॉल मॅगॅन. १९९६चा एक दूरचित्रपट, मग २०१३चा सातेक मिनिटांचा एक लघुभाग, एवढीच त्याची पडद्यावरची मुख्य कमाई. त्याचा डॉक्टर फुलला तो ध्वनिनाट्यांमध्ये. ख्रिस्तोफर एकल्स्टनचे २००५चे भाग तेरा. हार्टनेलनं पहिल्याच मोसमात ४२ केले, तेही जवळपास सलग चित्रण करून, कारण टेप कापून जोडणं महाग होतं. आज आपण त्याच्या अडखळण्यावर हसतो. टेनंटच्या चुका संकलनाच्या टेबलावर राहिल्या. हार्टनेलच्या चुका प्रसारित झाल्या.

याचा अर्थ तुलना करूच नये असा नाही. तुलना केल्याशिवाय मजा नाही, आणि माझा तर व्यवसायच तो. फक्त नावापुढे गुण लिहिण्याआधी एक रकाना वाढवावा : या नटाचं नेमकं काय बघून मी हे म्हणतेय? कुठल्या वर्षाचं, कशा प्रतीतून, किती? आणि जिथे काही नाही तिथे शून्य लिहू नये. जागा कोरी सोडावी. शून्य म्हटलं की कोणी शोधायला जात नाही. कोरी जागा दिसली की कधीतरी एखादा माणूस जॉसच्या केंद्रातल्या फडताळापर्यंत पोचतो.

माझ्या तक्त्यात आता तमालपत्राच्या कुळापुढे ‘नाही’ नाही. तिथे ‘टिकत नाही’ असं लिहिलंय. आणि चहाच्या वेळी कोणी विचारलंच, तर माझं उत्तर अजूनही ट्राउटनच आहे. त्याचं मी किती पाहिलंय हेही आता त्यासोबत सांगते.