एका रक्तात दोन बिऱ्हाडं

२० ऑगस्ट १८९७, दुपारचा एक. तुम्ही निजामाच्या राज्यात, सिकंदराबादजवळच्या बेगमपेठ इस्पितळात उभे आहात. अंगाची लाही होतेय, पण दोरीचा पंखा थांबवलाय. वारा आला तर टेबलावरचे चिरलेले डास उडून जातील. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेत, त्यावर सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस वाकलेत. हे डास चार दिवसांपूर्वी हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला चावले होते, डासामागे एक आणा या बोलीवर.

डोळा भिंगाला लावा. डासाच्या जठराच्या भिंतीत गोल पेशी, तिच्यात काळे कण. हिवताप डासाच्या पोटातून जातो, हे इथे पहिल्यांदा दिसतंय.

हुसेन खानच्या रक्तात चंद्रकोरीसारखे जंतू होते. ती फाल्सिपॅरम या हिवतापाच्या जंतूची खूण. या देशात व्हायवॅक्स नावाचा दुसरा जंतूही तितकाच मुरलेला आहे आणि कधीकधी दोघं एकाच माणसात उतरतात. आता कणाएवढे व्हा आणि अशा एखाद्या रुग्णाच्या शिरेत शिरा.

भोवती तांबड्या पेशींची गर्दी आहे. दोघांनाही त्याच हव्यात, मग एकाने दुसऱ्याला हुसकून का लावलं नाही? नीट पाहा. फाल्सिपॅरम लहानथोर कुठल्याही पेशीत घुसतो. व्हायवॅक्सला नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या पेशी लागतात आणि त्या शंभरात एखाद-दोनच असतात. म्हणून तो रक्तात कधीच फार वाढत नाही. मात्र डासात जाणारी त्याची रूपं तापाबरोबरच तयार होतात. फाल्सिपॅरमच्या चंद्रकोरी पिकायला दहाएक दिवस लागतात.

तेवढ्यात रुग्णाला हुडहुडी भरते. ताप आणि प्रतिकारशक्ती आपला-परका पाहत नाहीत. एकाची संख्या फुगली की मार दोघांनाही बसतो. व्हायवॅक्स रक्तातून पुसला गेला असं वाटतं. पण आता यकृतात चला. तिथे त्याची सुप्त रूपं आठवडे, महिने पडून राहतात. हे बिऱ्हाड फाल्सिपॅरमला ठाऊकच नाही. रॉसनाही नाही. यकृतातली अवस्था सापडायला १९४८ उजाडेल, तिथली सुप्त रूपं ओळखायला १९८०चं दशक.

म्हणजे या दोघांत समेट वगैरे काही नाही. पेशी वेगळी, वेळ वेगळी, लपायची जागा वेगळी, एवढ्यावरच दोघं टिकलेत.

आता आजच्या दवाखान्यात या. फाल्सिपॅरमवर औषध दिलं, ताप उतरला आणि काही आठवड्यांनी त्याच रुग्णाला पुन्हा थंडी वाजली, या वेळी व्हायवॅक्सची. आग्नेय आशियात हे वारंवार दिसलंय. म्हणून मिश्र संसर्गात भारतात रक्तातल्या जंतूंवर तीन दिवसांचं आर्टेमिसिनिनयुक्त औषध आणि यकृतातल्यांसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या सोडायच्या नसतात, कारण त्या दुसऱ्या बिऱ्हाडासाठी असतात.