भांग-उधाणाचं गाव

६ एप्रिल १९३०, रविवार. झुंजुमुंजू झालंय आणि तुम्ही भाईंदरजवळच्या नवघरच्या मिठागराच्या बांधावर अनवाणी उभे आहात. पाडवा होऊन आठवडा झाला. रात्रीचा अर्धा चंद्र कधीच मावळला. भांगाचे दिवस आहेत, खाडीला जोर नाही. भरती येते, तिवरांच्या मुळांना भिजवते आणि गुमान परत जाते.

पायाखालचा वाफा थंड आणि घट्ट लागतो. दिवाळीनंतर इथल्या बायकापुरुषांनी दिवसेंदिवस तुडवून तो असा केलाय. तळ मऊ राहिला तर मिठात चिखल मिसळतो आणि मीठ काळं निघतं. पाडव्याच्या सुमाराला उधाणाचं पाणी उघाडीतून मोठ्या तळ्यात घेतलं. तिथून ते उन्हात आटत आटत एकेका उथळ तळ्यातून पुढे सरकतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. पाणी दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरायला लागतं. म्हणून मिठागराचा माणूस सारखा आभाळाकडे बघतो. अवकाळी पावसाची एक सर आली तरी पंधरा दिवसांचं ऊन फुकट जातं.

आता उकिडवे बसा आणि वाफ्याच्या पाण्याकडे नीट बघा. पाण्यावर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा आहे. त्यात नखाएवढ्या चौकोनी पोकळ वाट्या तरंगताहेत, कडा अगदी सरळ, कुणीतरी कातरून ठेवल्यासारख्या. वाऱ्याची झुळूक येते, एक वाटी कलते, पाणी आत शिरतं आणि ती तळाला जाते. मागोमाग दुसरी. दुपारपर्यंत तळाला पांढरा थर दिसू लागेल. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीनं तो ओढायचा, बांधावर ढीग लावायचा, पाणी निथळू द्यायचं. आगरी बाया टोपल्या डोक्यावर घेऊन ओळीनं चालतील. ते वजन मानेवर कसं बसतं ते तुम्ही एक फेरी मारून बघा. दुसऱ्या फेरीला तुमची मान आपोआप त्यांच्यासारखी ताठ होईल.

मात्र त्या ढिगातलं मूठभर मीठ कमरेला खोचून घरी न्यायची सोय नाही. मीठ सरकारच्या ताब्यात, मणामागे १ रुपया ४ आणे कर. ज्या हातांनी मीठ पिकवलं त्याच हातांनी ते पैसे देऊन विकत आणायचं. याच घटकेला तिकडे दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजी वाकून मीठ उचलताहेत. बांधावरच्या कुणाला अजून त्याची खबर नाही. पुढे पार्ल्याच्या सत्याग्रह छावणीतून आणि वडाळ्याच्या आगरांवरून रोज नवी बातमी गाडीनं येईल. जवळपास अकरा महिन्यांनी, ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम येईल: जिथं मीठ होतं त्या भागातल्या गावकऱ्यांनी घरापुरतं मीठ न्यावं किंवा करावं. देशाच्या इतिहासात त्या कराराबद्दल नाराजी बरीच नोंदली गेली. पण खाडीकाठच्या चुलीपाशी उभं राहून वाचलं तर ते एक कलम फार मोठं आहे. कर पूर्ण उठायला मात्र १९४७ चा एप्रिल उजाडावा लागला.

ऊन चढलं की गावात चला. कुडाची शेणानं सारवलेली घरं, अंगणात वाळत घातलेलं सुकट, तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज. घराघरांतून कुणी ना कुणी एकवीरेच्या जत्रेला कार्ल्याला गेलंय, त्यामुळे गाव अर्धं रिकामं. पुढच्या महिन्यात लग्नं लागतील, मांडवात धवलारीण धवला गायला बसेल आणि तिचा आवाज शेताच्या पलीकडे जाईल, कारण त्याला अडवायला मध्ये काहीच नाही. तुम्हाला वाटेल, काय निवांत जागा आहे! निवांत आहेच. पण इथला निवांतपणा राखावा लागतो. बांधाला खेकड्यानं पाडलेलं एक भोक वेळेत बुजवलं नाही तर उधाणाच्या रात्री तिथूनच खांड पडते, खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं आणि मग दोन-तीन पावसाळे जमीन धुतली जाईपर्यंत तिथं धड पीक येत नाही. म्हणून पुनवेच्या आणि अवसेच्या रात्री कुणीतरी कंदील घेऊन बांधावर फिरतं. "पानी आयला रं!" ही हाक आली की जेवत्या ताटावरून उठायचं. शांत खाडीकाठाबद्दल लिहिणारे पाण्यावरच्या संध्याकाळीबद्दल भरभरून लिहितात, त्या कंदीलवाल्याबद्दल जवळपास कुणी लिहीत नाही. मला मात्र या गावाचा खरा मालक तोच वाटतो.

थोडं आणखी मागे जायचंय? १८६७ चा एप्रिल घ्या. विरारहून मुंबईला रोज एक गाडी जायला लागली आहे. तिच्या थांब्यांच्या यादीत भाईंदर नाही, पण खाडीच्या मधोमध असलेल्या पाणजूला थांबा आहे. तीन वर्षांपूर्वी खाडीवर पूल झाला आणि इथल्या माणसाला भरती-ओहोटीखेरीज आणखी एक वेळापत्रक मिळालं. त्याच्याही मागे, १७३९ चा मे. साष्टी, म्हणजे हे बेट, दोन वर्षांपूर्वीच मराठ्यांकडे आली आहे आणि उत्तरेला, खाडीपल्याड, वसईच्या कोटाखाली चिमाजी आप्पांचे सुरुंग उडताहेत. पायाखालचा चिखल थरथरतो, निवट्या टुणकन बिळात जातात. हजारो माणसं त्या वेढ्यात गेली. आवाज थांबले की निवट्या परत वर येतात.

आता पुढे या, १९८८ च्या श्रावणात. गिरण्यांचा संप सहा वर्षांपूर्वी झाला, लालबागची खोली विकली आणि त्या पैशांत तुम्ही नवघर रोडच्या आतल्या बाजूला एक खोली-स्वयंपाकघर घेतलंत. नगरपालिका होऊन तीन वर्षं झाली आहेत. पहिल्या रात्री वीज जाते. चाळीत रात्री कधीच पूर्ण शांतता नसायची, कुणाचा रेडिओ, कुणाची खोकल्याची उबळ, तिसऱ्या पाळीचा भोंगा. इथं खिडकीखाली भाताचं खाचर आहे आणि त्यात शेकडो बेडूक एका सुरात लागलेत. बायको अंधारात विचारते, "अहो, इथं माणसं राहतात ना?" सकाळी शेजारची आगरी म्हातारी दाराशी येते, वाटीत चिंबोरीचं कालवण. "खा बाय, नवीन हाय ना तू." त्या वाटीनं तुम्ही नवघरचे होता.

पुढचे दिवस सोपे नाहीत. पिण्याचं पाणी मोजकं, विहिरीचं मचूळ, डास मोजण्यापलीकडचे. स्टेशनाची वाट चिखलाची, म्हणून चप्पल पिशवीत आणि पाय फलाटाच्या नळावर धुवायचे. विरारहून गच्च भरून आलेल्या गाडीत चढता येत नाही, भाईंदरहून सुटणारी गाठायची तर पहाटे उठायचं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतून पत्र्यावरचे ठोके सुरू होतात आणि बेडूक दरवर्षी थोडे कमी होत जातात, कारण खाचरात भराव पडतोय. तुमच्या इमारतीखालीही कुणाचं तरी खाचरच होतं. हे बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. आपल्यासारख्या लाखोंना डोक्यावर छप्पर मिळालं ते त्या भातावर. २००१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरमध्ये ५ लाख २० हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाखांवर. शहर वाढणारच होतं. बांध राखणाऱ्यांना मात्र त्या वाढीत कुणी काही विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि खाजण कशासाठी असतं ते सगळ्या मुंबई परिसराला एका रात्रीत कळलं. पावसाचं पाणी भरती ओसरेपर्यंत कुठंतरी बसावं लागतं. जिथं तिवरं आणि मिठागरं मोकळी होती तिथं ते बसलं, जिथं भराव होता तिथं ते जिन्यानं वर आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. नकाशावर मिठागर म्हणजे रिकामी जागा दिसते. ती कधीच रिकामी नव्हती.

आज संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीकाठी या. कट्ट्यावर आजोबा बसलेत, पोरं सायकली फिरवताहेत, समोर पुलाची रेघ आणि त्यावरून धडधडत जाणारी विरार लोकल. ती गेली की पाण्याचा वास येतो, थोडा गाळाचा, थोडा मिठाचा. हिवाळा असेल तर ओहोटीच्या चिखलावर लाल पायांच्या शेकाट्या आणि सैबेरियाकडून आलेले इवलेसे तुतवार दिसतील. गर्दीच्या शहरात अशी एक बाजू उघडी राहिली आहे, आणि ऑफिसातून दमून आलेला माणूस दहा मिनिटं का होईना तिथं उभा राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

परतताना नवघर रोडवर टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडे थांबा. टोपलीत दोरीनं बांधलेल्या चिंबोऱ्या चुळबुळताहेत. तुम्ही एक उचलून वजन अजमावता. मावशी ती हातातून काढून घेतात आणि परत टोपलीत टाकतात.

"ही नको नेऊ दादा, पोकल हाय. परवा अवस. तवा सकालचा ये, भरलेल्या देते."